अडकलेल्या प्लगाची हकीकत

मोटारीच्या इंजिनांत पेट्रोलची वाफ व हवा यांचें मिश्रण पेटविण्याचें काम जी लहानशी वस्तु करते, तिला स्पार्क प्लग म्हणतात. चिनी मातीची एक नळी, तिच्या पोटांतून गेलेली धातूची कांडी, सभोंवार आटे पाडलेलें पोलादी आवरण आणि खालच्या टोंकाशीं एक मिलिमीटरच्या आसपासची फट, एवढाच तिचा संसार. त्या फटींतून विजेची ठिणगी उडाली कीं मिश्रण पेटतें, दट्ट्या खालीं ढकलला जातो आणि गाडी चालूं लागते. प्लग झिजला म्हणजे पान्यानें फिरवून काढावा व त्याच्या जागीं नवा बसवावा. हा विधि इतका साधा, कीं कोणत्याही मोटारदुरुस्तीच्या कारखान्यांत नव्या उमेदवाराच्या हातीं आरंभीं जीं कामें देतात त्यांत हें असावयाचेंच. परंतु एकविसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेंत असा एक प्लग निपजला, कीं तो काढावयाचा म्हटल्याबरोबर मुरलेले मिस्त्रीही गिऱ्हाइकास आधीं बाजूस घेऊन चार गोष्टी बजावून सांगूं लागले. कित्येकांनीं तें काम घेण्याचेंच नाकारलें. हा प्लग असा हट्टास कां पेटला आणि त्याला वठणीवर आणण्यासाठीं माणसांनीं काय काय केलें, ही हकीकत यंत्रविद्येच्या इतिहासांत फारशी कोणी लिहून ठेवीत नाहीं. पण घरोघरीं मोटार असण्याच्या आजच्या काळांत ती ऐकण्यासारखी आहे.

ठिणगीनें इंजिन पेटविण्याची कल्पना मोटारगाडीहूनही जुनी. बेल्जियममध्यें जन्मलेला व पॅरिसमध्यें उद्योग करणारा लन्वार नांवाचा एक कल्पक कारागीर होता. त्यानें १८६० सालीं कोळशाच्या वायूवर चालणारें इंजिन केलें आणि विजेच्या ठिणगीनें तें पेटविलें. त्यानंतर कित्येक वर्षें ही रीति मागें पडली होती. ऑटोनें १८७६ मध्यें आपलें सुप्रसिद्ध चार टप्प्यांचें इंजिन काढलें, तें उघड्या ज्योतीनें पेटत असे. आणि डाइम्लरनें आपल्या पहिल्या इंजिनांस लाल तापलेली नळी लावली. विजेवर त्या काळीं कोणाचा भरंवसा नसे, व तो नसावा हेंच योग्य होतें. पुढें जर्मनींत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यांतील गॉटलोब होनोल्ड या इंजिनियरानें १९०२ सालीं उच्च दाबाचा मॅग्नेटो व त्यास जोडावयाचा प्लग अशी जोडी सिद्ध केली, आणि तेव्हांपासून ठिणगीचें राज्य जें सुरू झालें तें पेट्रोलच्या इंजिनांत आजतागायत चालूं आहे.

त्या पहिल्या काळांतील प्लग वरचेवर काढावे लागत. तेल जळून होणारी काजळी त्यांवर सांचे, ठिणगी मंद होई आणि इंजिन अडखळूं लागे. हेन्री फोर्डची १९०८ ते १९२७ या काळांत विकली गेलेली ‘टी’ नमुन्याची गाडी घ्या. तिच्या दीड कोटींहून अधिक प्रती निघाल्या, म्हणजे प्लग काढण्याची विद्या तितक्या कुटुंबांत जाऊन पोंचली असें म्हणावयास हरकत नाहीं. तिचा प्लग पाण्याच्या नळासारख्या निमुळत्या आट्यांचा असे आणि तो ओतीव लोखंडाच्या हेडांत बसे. त्या गाडीसाठीं मिळणारे कित्येक प्लग तर मुद्दाम दोन तुकड्यांचे केलेले असत. वरची कडी उघडली कीं चिनी मातीचा भाग हातीं येई. तो पेट्रोलमध्यें बुडवून, ब्रशानें घासून, मालक स्वतःच परत बसवी. प्लगाचे दोन तुकडे होणें ही त्या काळीं सोय होती, हें पुढील हकीकतीसाठीं ध्यानांत ठेवावें.

पुढच्या सत्तर वर्षांत प्लगाचें आयुष्य सारखें वाढत गेलें. पेट्रोलमध्यें शिसें मिसळण्याची पद्धत १९२३ पासून पडली होती. त्या शिशाचा थर प्लगावर बसे. तें मिसळणें अमेरिकेंत रस्त्यावरील गाड्यांपुरतें १९९६ सालीं व हिंदुस्थानांत २००० सालीं कायद्यानें थांबलें. इकडे प्रज्वलनाची व्यवस्था इलेक्ट्रॉनिक झाली, ठिणगी अधिक जोरदार झाली, आणि प्लगाच्या टोंकांस प्लॅटिनमसारखा न झिजणारा धातु लागला. तेव्हां गाड्या विकणाऱ्यांनीं मोठ्या अभिमानानें सांगण्यास सुरुवात केली, कीं आमच्या गाडीचा प्लग १,००,००० मैलांपर्यंत, म्हणजे सुमारें १,६०,००० किलोमीटरपर्यंत बदलण्याचें कारण नाहीं. गिऱ्हाइकास तें गोड वाटलें. परंतु जी वस्तु दर दोन-चार महिन्यांनीं हालविली जाते तिला चिकटून बसण्यास सवड सांपडत नाहीं, आणि जी सात-आठ वर्षें एकाच ठिकाणीं तापत व निवत राहते तिला ती भरपूर सांपडते, ही गोष्ट जाहिरातींत कोणी लिहिली नाहीं. याच सुमारास हेडें ओतीव लोखंडाचीं जाऊन ॲल्युमिनियमचीं झालीं होतीं. ॲल्युमिनियम उष्णतेनें पोलादाच्या जवळ जवळ दुप्पट फुगतें व तें पोलादाहून पुष्कळ मऊ आहे. अशा मऊ धातूंत वर्षानुवर्षें बसलेला पोलादी प्लग जोरानें फिरविला, तर प्लगाऐवजीं हेडाचे आटेच सोलून येण्याचा संभव असतो.

येथें महाराष्ट्रांतील श्रोत्यांस एक शंका येईल, कीं ट्रकला स्पार्क प्लग कोठून आला? शंका रास्त आहे. आपल्याकडे १९५४ पासून जमशेदपूरच्या टाटांच्या डिझेल मालमोटारी रस्त्यांवर आल्या व पुढें त्यांचेंच राज्य झालें. आणि डिझेलच्या इंजिनांत दाबानेंच इंधन पेटत असल्यामुळें ठिणगी लागत नाहीं. दुसऱ्या महायुद्धानंतर इकडे राहिलेल्या अमेरिकन लष्करी लॉऱ्या पाहिलेले जे वृद्ध असतील त्यांनाच पेट्रोलचा ट्रक आठवत असेल. अमेरिकेंत मात्र ट्रक म्हणजे बहुधा मागें उघडा हौदा असलेली, शेतकऱ्यापासून सुतारापर्यंत सर्वांची घरगुती गाडी, आणि ती प्रायः पेट्रोलवरच चालते. फोर्ड कंपनीच्या ‘एफ’ मालिकेच्या गाड्या त्या देशांत १९७७ पासून ट्रकांच्या विक्रींत पहिल्या आहेत. ज्या माणसाचें पोट त्या गाडीवर, त्याची ती चार दिवस कारखान्यांत पडून राहिली तर चूल कशी पेटेल, हें ध्यानांत घेतल्याशिवाय पुढच्या तक्रारींतील कळकळ समजावयाची नाहीं.

या मालिकेसाठीं फोर्डनें ‘ट्रायटन’ या नांवाचीं इंजिनें १९९७ च्या सुमारास आणलीं. त्यांच्या आरंभीच्या, दर सिलिंडरास दोन झडपा असलेल्या नमुन्यांत प्लगाला धरून ठेवणारे आटे फारच थोडे, जेमतेम चार-पांच होते. त्यामुळें कांहीं गाड्यांत चालतां चालतांच प्लग हेडांतून सुटून बंदुकीच्या गोळीसारखा वर उडे, त्याबरोबर आटेही उपटून येत, आणि तेथें नवा दंडगोल बसवून नवे आटे पाडावे लागत. म्हणजे या घराण्याची पहिली तक्रार अशी, कीं प्लग आपणहून बाहेर येतो! दुसरी पिढी निघाली ती अगदीं उलट स्वभावाची.

ही दुसरी पिढी म्हणजे २००४ च्या एफ-१५० गाडींत आलेलें ५.४ लिटरचें, आठ सिलिंडरांचें, तीन झडपांचें इंजिन. कॅनडांतील विंडसर येथें तें तयार होई. त्याची शक्ति ३०० अश्वबळ होती आणि कागदावर तें उत्तमच होतें. दर सिलिंडरास हवा आंत घेणाऱ्या दोन व धूर बाहेर सोडणारी एक अशा तीन झडपा दिल्यावर प्लगासाठीं मधोमध जी जागा उरली ती अरुंद होती. शिवाय ठिणगी ज्वलनकोठीच्या मध्यावर पडावी अशी योजना होती. म्हणून रचनाकारांनीं प्लगाचे आटे पुष्कळ वर ठेवले आणि त्यांच्याखालीं बोटाच्या पेराएवढी लांब, बारीक, बिनआट्यांची एक नळी सोडली. तिच्या तळाशीं ठिणगीची फट. या नळीस आपण कवच म्हणूं. हें कवच वरच्या अंगाशीं एकजीव घडविलेलें नव्हतें; तें निराळें करून वर दाबून बसविलेलें होतें. टी नमुन्याच्या गाडीचा दोन तुकड्यांचा प्लग मालकानें उघडावा म्हणून तसा केलेला असे. हा दोन तुकड्यांचा प्लग कोणी उघडावा अशी कोणाचीच इच्छा नव्हती.

हेडांतील भोंक व हें कवच यांच्यामध्यें कागद शिरेल न शिरेल अशी पोकळी राहते. तिचें तोंड ज्वलनकोठींत उघडें. जळालेल्या पेट्रोलची काजळी त्या पोकळींत थोडी थोडी शिरून तापत राही व अखेरीस दगडासारखी घट्ट होई. लाख मैलांपर्यंत प्लगास हात लावावयाचा नाहीं असें सांगितलेलेंच असल्यामुळें मालक निश्चिंत असत. मग एके दिवशीं मिस्त्री पाना लावी. वरचे आटे सुटूं लागत, परंतु खालचें कवच काजळीनें हेडाशीं जखडलेलें; तें फिरावयास तयार नसे. दोन्ही भाग जेथें जोडलेले होते तो सांधा मध्येंच तुटे. वरचा अर्धा भाग हातांत येई आणि कवच, बहुधा मोडक्या चिनी मातीसह, भोंकाच्या तळाशीं राही. आठ प्लगांपैकीं एखादा मोडला तर नशीब. कित्येक गाड्यांत तीन-चार मोडत. त्यांतही सर्वांत मागचे दोन, चौथा व आठवा, गाडीच्या पुढच्या कांचेखालील पत्र्याखालीं दडलेले असतात, आणि तेथें धड नजरही पोंचत नाहीं.

आरंभीं कारखान्या-कारखान्यांतून जो गोंधळ झाला त्याची कल्पना करवते. मोडलेला प्लग काढण्याचें हत्यार उपलब्ध नव्हतें. म्हणून हेडच उतरवावें लागे, आणि या इंजिनाचें हेड उतरविणें म्हणजे साखळ्या, दांडे, झांकणें असा सारा प्रपंच उलगडणें. खर्चाचा आंकडा हजारों डॉलरांच्या घरांत जाई. प्लग बदलावयास आलेला मालक एवढें बिल पाहून प्रथम मिस्त्र्याकडेच बोट दाखवी: तूं मोडलास, तूंच भर. मिस्त्री म्हणे, मोडणें प्लगाच्या घडणींतच आहे. दोघेही आपापल्या परीनें खरेंच बोलत होते, आणि ज्यानें घडविला तो त्या खोलींत हजर नसे. काम घेण्यापूर्वीं ‘प्लग मोडल्यास जादा मजुरी पडेल’ असें लिहून घेण्याचा प्रघात यांतूनच पडला. तो कठोर वाटला तरी त्याविना लहान कारखानदाराचा निभाव लागणें कठीण होतें.

फोर्ड कंपनीनें आपल्या विक्रेत्यांच्या कारखान्यांसाठीं या कामाचें पत्रक काढलें, आणि २००८ सालापर्यंत तें एकाहून अधिक वेळां सुधारून पुन्हां काढलें. त्यांतील रीति सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यांत जोरापेक्षां धीराला अधिक मान आहे. इंजिन प्रथम पूर्ण निवूं द्यावयाचें. ठिणगीचें विद्युत्-वेटोळें काढून भोंकांतील धूळ हवेच्या झोतानें उडवावयाची. मग प्लग केवळ अष्टमांश ते पाव वळसा सैल करून तेथेंच थांबावयाचें. मोह झाला तरी पुढें जावयाचें नाहीं. या पाव वळशानें आट्यांमधून वाट होते. त्या वाटेनें कार्बुरेटर साफ करण्याचें द्रावण भोंकांत थोडें ओतावयाचें व निदान १५ मिनिटें तें मुरूं द्यावयाचें. द्रावण झिरपत काजळीपर्यंत जातें आणि ती मऊ करतें. फार ओतलें तर तें सिलिंडरांत सांचतें, आणि द्रव दाबला जात नसल्यामुळें इंजिन फिरवितांच दट्ट्याचा दांडा वांकण्याची भीति. म्हणून तेथेंही हात राखून. यानंतर प्लग पुन्हां घट्ट करावयाचा, पुन्हां सैल, पुन्हां घट्ट, असें मागें-पुढें करीत दर खेपेस किंचित् अधिक वळवावयाचा. अशा वेळीं भोंकांतून कर्कश किंकाळी निघते. नवखा माणूस ती ऐकून हात आंखडता घेतो. परंतु काजळी घासली जात असल्याची ती खूण असून काम बरोबर चालल्याचें ती सांगते.

एवढें करूनही कांहीं मोडतच. त्यांच्यासाठीं निराळें हत्यार निघालें. भोंकांत उरलेल्या कवचाच्या आंतून चिनी मातीचे तुकडे काढून टाकावयाचे, कवचाच्या आंतल्या अंगाला आटे पाडावयाचे, त्यांत एक सळई फिरवून बसवावयाची आणि तिच्या वरच्या टोंकाचें मळसूत्र फिरवून कवच सरळ वर ओढून घ्यावयाचें. आटे पाडणाऱ्या हत्यारास आधीं ग्रीस फांसतात, म्हणजे धातूचा कीस त्यालाच चिकटून वर येतो. उरलेला शोषून घ्यावा लागतो. या टप्प्यावर हवेचा झोत मात्र कटाक्षानें वर्ज्य, कारण त्यानें कीस सिलिंडरांत जाऊन त्याची गुळगुळीत भिंत ओरखडली जाईल. आयोवा राज्यांतील लाइल या हत्यारें करणाऱ्या कंपनीनें याच कामाचें एक स्वस्त व सोपें हत्यार काढलें. त्यांत चिनी माती बाहेर काढण्याऐवजीं ती कवचांत खालीं ढकलून बूच मारल्यासारखी बसवितात, म्हणजे कीस खालीं पडण्याचा मार्गच बंद होतो. अडचणीच्या वस्तूसच पहारेकरी करण्याची ही युक्ति कोणाही गृहिणीस आवडेल. ज्या कामास पूर्वीं हेड उतरवावें लागे तें या हत्यारानें दर प्लगामागें तासाभराच्या आंत उरकूं लागलें, आणि त्या दिवसापासून मालक व मिस्त्री यांच्यांतील भांडणांची धार बरीच बोथट झाली.

तरीही मिस्त्री-मिस्त्र्यांत मतभेद राहिले. कंपनी म्हणते, इंजिन थंड असतांना काढा. कांहीं अनुभवी कारागीर म्हणत, कीं काजळी तापली असतांना ती लवकर सुटते, म्हणून गरम असतांनाच काढा. कोणी द्रावण रात्रभर ठेवीत. कोणी हातांतला पाना टाकून हवेवर चालणारा धक्क्याचा पाना लावीत. लहान लहान झटक्यांनीं काजळी फुटते असा त्यांचा दावा. यांपैकीं प्रत्येकाजवळ यशाचे दाखले होते. मऊ हेडाचे आटे हा विचार मनांत ठेवला, तर थंड इंजिनाचा पक्ष सबळ वाटतो. गरम ॲल्युमिनियमवर जोर करणें म्हणजे एक संकट टाळतांना दुसऱ्याला घरांत घेणें होय.

इकडे कंपनीनें २००७ च्या अखेरीस ५.४ लिटरच्या इंजिनाचें हेड बदललें व त्यासाठीं निराळ्या घडणीचा प्लग दिला. त्यापुढच्या इंजिनांत ही तक्रार राहिली नाहीं. चॅम्पियन या जुन्या प्लग-कंपनीनें जुन्या हेडांसाठीं कवच व अंग एकसंध असलेला प्लग बाजारांत आणला. तो मुरगळला तरी सांध्यावर तुटत नाहीं, कारण तसा सांधाच त्यांत नाहीं. परंतु २००४ ते २००८ या सालांच्या ज्या गाड्या आधींच विकल्या गेल्या होत्या त्यांचें काय? हींच इंजिनें, आकारानें लहान-मोठीं करून, मस्टँग या वेगवान गाडींत व जड ट्रकांतही बसविलेलीं होतीं. मालकांनीं निरनिराळ्या राज्यांत फिर्यादी केल्या. त्यांचें म्हणणें असें, कीं हा दोष कंपनीस ठाऊक होता व तो गिऱ्हाइकापासून दडविला गेला. कंपनीनें हें नाकारलें. २०१२ सालीं हे दावे ओहायो राज्यांतील संघ-न्यायालयांत एकत्र करण्यांत आले व २०१६ सालीं तडजोड मंजूर झाली. दोष मान्य न करतां, ठराविक अटींत बसणाऱ्या मालकांस दुरुस्तीच्या खर्चाचा कांहीं भाग परत द्यावयाचा, असें तिचें स्वरूप होतें. बारा वर्षांपूर्वींच्या गाडीचें बिल जपून ठेवणारे मालक किती असणार! ज्यानें गाडी दुसऱ्या हातून घेतली, किंवा ज्यानें शेजारच्या कारागिराकडून रोख पैसे देऊन काम उरकलें, त्याच्या हातीं पावती नव्हती, आणि पावतीविना न्यायालयाचा हात त्याच्यापर्यंत पोंचणें कठीण.

त्या गाड्यांपैकीं कित्येक अजून रस्त्यावर आहेत, बहुतेक दुसऱ्या किंवा तिसऱ्या मालकाकडे. अशी गाडी कारखान्यांत आली कीं जाणता मिस्त्री प्रथम विचारतो, प्लग पूर्वीं कधीं बदलले होते काय? बदललेले असले तर त्याचा जीव भांड्यांत पडतो. नवा प्लग बसवितांना तो कवचाच्या बाहेरच्या अंगास उष्णता सोसणारें निकेलयुक्त वंगण पातळ फांसतो, ठिणगीच्या टोंकास तें लागूं देत नाहीं, आणि मापाच्या पान्यानें २५ फूट-पौंडांपर्यंत आवळून थांबतो. मग पुढच्या खेपेची तारीख, लाख मैलांच्या बरीच अलीकडची, मालकाच्या पुस्तिकेंत स्वतःच्या हातानें लिहून देतो.